खेळाचा रसिक आणि पेल्याची पारख

खेळावर मत असणे आणि खेळाची पारख असणे या दोन गोष्टी एक नव्हेत. मत कोणालाही असू शकते. ते वर्तमानपत्रातून उसने घेता येते, शेजाऱ्याच्या तोंडून ऐकता येते, आणि सामना जिंकला की हरला यावरून एका रात्रीत पालटताही येते. पारख उसनी मिळत नाही. वर्षानुवर्षे मैदानाच्या कडेला उभे राहून, उन्हात डोळे बारीक करून, एकच फटका शंभरदा पाहून ती कमवावी लागते. अशी पारख ज्याच्यापाशी असते त्याला मराठी भाषेने ‘रसिक’ हे नाव दिले आहे. हा शब्द गाण्याला शोभतो, काव्याला शोभतो, भोजनालाही शोभतो. खेळाला तो लावताना मात्र जीभ थोडी अडखळते. वास्तविक अडखळण्याचे काही कारण नाही.

हॉकीच्या अशा एखाद्या रसिकाची कल्पना करावयाची झाल्यास ती तंजावूर येथे करावी. तंजावूर म्हणजे कावेरीच्या खोऱ्यातील भाताचे कोठार आणि राजराज चोळाने बांधलेल्या बृहदीश्वर मंदिराचे गाव. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या वंशाने सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत तेथे राज्य केले. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली त्याच मंदिराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरविला. तो लेख आजही तेथे वाचावयास मिळतो. राज्य गेले, पण त्याच्याबरोबर दक्षिणेत उतरलेली मराठी कुटुंबे तेथेच राहिली. घरात त्यांची जुनी, तमिळशी संसार केलेली मराठी आणि उंबऱ्याबाहेर शुद्ध तमिळ, असा त्यांचा दुहेरी व्यवहार आहे. अशाच एका घरातील, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला, हॉकीवर निरतिशय प्रेम करणारा एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. तो कोणी विशिष्ट मनुष्य नव्हे. पण त्याची जी मते येथे मांडावयाची आहेत त्यांना आधार मात्र खऱ्या इतिहासाचा आहे.

या रसिकाला तंजावूरचाच का मानावयाचा? परकी वस्तू आपली कशी होते याचा धडा त्या गावाइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच मिळेल, म्हणून. व्हायोलिनचेच उदाहरण घ्यावे. हे वाद्य युरोपातून आले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बालुस्वामी दीक्षितर आणि तंजावूरच्या चार नट्टुवनार बंधूंपैकी वडिवेलू यांनी ते उचलले आणि कर्नाटक संगीताच्या बैठकीत आणून बसविले. ‘बसविले’ हा शब्द अगदी अक्षरशः घ्यावा. युरोपीय वादक उभ्याने किंवा खुर्चीवर बसून ते हनुवटीखाली धरतो. दक्षिणेतील वादक मांडी घालून बसला आणि वाद्याचे टोक त्याने पायाच्या घोट्यावर टेकविले. तारांचे स्वर त्याने आपल्या षड्ज-पंचमाशी जुळवून घेतले. हात दोन्ही बाजूंनी मोकळा झाला, गमक आणि मींड त्यातून निघू लागली, आणि दोन पिढ्यांत हे वाद्य परके होते याचीही कोणास आठवण राहिली नाही. वडिवेलूला त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी हस्तिदंती व्हायोलिन नजर केले, ते १८३४ साली.

यातून त्या रसिकाने एक कसोटी काढली आहे. परकी वस्तू विकत घेतल्याने आपली होत नाही, आणि तिला आपले नाव दिल्यानेही होत नाही. आपला हात तिच्यावर पडून तिचे रूप बदलले, आणि तो बदल चांगला की वाईट हे सांगणारे डोळे-कान समोर बसलेले असले, की ती आपली होते. या कसोटीवर तो दोन गोष्टी घासून पाहतो. पहिली अर्थात हॉकी. दुसरी ऐकून श्रोत्यांस थोडे आश्चर्य वाटेल. अलीकडे पुण्या-मुंबईत आणि बंगळूरात जिची फार चर्चा चालते, ती लहान भट्टीत हातघडणीने बनविलेली बिअर, जिला ‘क्राफ्ट बिअर’ म्हणतात, ती ही दुसरी गोष्ट होय.

प्रथम हॉकी. या खेळाचे नियम इंग्रजांनी बांधले, आणि छावण्यांतून तो हिंदुस्थानात उतरला. कलकत्त्याच्या बेटन चषकाचे सामने १८९५ साली सुरू झाले. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला जयपालसिंगांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघाने ऑलिंपिकमध्ये एकोणतीस गोल केले आणि स्वतःवर एकही होऊ दिला नाही. त्यानंतर १९३२ आणि १९३६ ही दोन्ही सुवर्णपदके भारताकडेच आली. बर्लिनच्या अंतिम सामन्यात जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला तो दिवस १५ ऑगस्टचा होता, हा योगायोग रसिक मंडळी आवर्जून सांगतात. या तिन्ही खेपांना ग्रेट ब्रिटनचा संघ हॉकीत उतरलाच नव्हता. शिष्याशी गाठ पडली ती १९४८ साली लंडनलाच, देश स्वतंत्र होऊन एक वर्षही पुरते उलटले नव्हते तेव्हा; आणि अंतिम सामन्यात शिष्याने गुरूला ४-० असे हरविले.

हे सारे पाठ्यपुस्तकात सापडते. रसिकाचे लक्ष मात्र पदकापेक्षा लाकडाकडे अधिक असते. इंग्रजी काठी ॲश वृक्षाच्या लाकडाची, आणि तिचे खालचे वाकलेले टोक लांबलचक. हिंदुस्थानात सियालकोटच्या, आणि फाळणीनंतर जालंधरच्या कारागिरांनी तुतीचे लाकूड वापरून हे टोक आखूड आणि घट्ट वळणाचे केले. दिसावयास फरक बोटभर लांबीचा, पण खेळ त्याने पालटला. हॉकीत चेंडू काठीच्या सपाट बाजूनेच मारावा लागतो. त्यामुळे डावीकडचा चेंडू घेताना काठी मनगटात उलटी फिरवावी लागते. लांब टोकाची काठी उलटेपर्यंत चेंडू निघून जातो. आखूड टोकाची काठी पापणी लवते तशी उलटते. भारतीय खेळाडूच्या मनगटाची जी जादू जगाने वाखाणली तिच्यात त्या अनाम सुताराचाही वाटा होता. पुढे युरोपनेही आखूड टोकाची काठी स्वीकारली. व्हायोलिन घोट्यावर टेकले तसेच हे झाले, असे तंजावूरचा रसिक म्हणतो. हॉकीचे नाव इंग्रजी राहिले आणि हात भारताचा पडला.

या हातांत मराठी मुलखाचे हातही होते. १९३६ च्या बर्लिन संघात बाबू निमल होते. १९६४ साली टोकियोला पाकिस्तानवर विजय मिळवून सुवर्णपदक आणणाऱ्या संघात बंडू पाटील होते. आणि तंजावूरच्या मराठी माणसास विशेष जवळचे वाटावे असे एक नाव पुण्याजवळच्या खडकीत घडले. जसे काही मराठी लोक कावेरीकाठी जाऊन राहिले, तसे काही तमिळ लोक पोटासाठी मुळेकाठी येऊन राहिले. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत अशाच एका तमिळ घरात १९६८ साली धनराज पिल्लै जन्मला. मोडक्या काठ्या बांधून आणि टाकून दिलेले चेंडू वेचून तो खेळ शिकला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक आणि चार एशियाई स्पर्धा खेळलेला हा खेळाडू मराठी सहज बोलतो. तंजावूरने मराठी मुलखाला जे ऋण दिले असेल त्याची फेड खडकीने अशी केली, असे म्हणताना त्या रसिकाचा चेहरा खुलतो. खडकीची ‘दारू’ एवढी एकच काय ती खऱ्या कामास आली, अशी त्याची कोटीही ठरलेली आहे.

परंतु हा गृहस्थ केवळ जुन्या विजयांची जपमाळ ओढणारा नव्हे. हॉकीचा ऱ्हास कशाने झाला, या प्रश्नास सर्वसामान्य प्रेक्षकाचे उत्तर तयार असते. १९७६ साली माँट्रिअलच्या ऑलिंपिकमध्ये गवत जाऊन कृत्रिम हिरवळ आली, भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला, आणि तेथून सारे बिघडले. हे उत्तर त्याला अर्धेच पटते. हिरवळ महाग होती, ती शाळांना व गावांना परवडण्याजोगी नव्हती, आणि मातीवर शिकलेल्या मुलाला तिच्यावर नव्याने चालावयास शिकावे लागले, हे खरेच. तथापि म्यूनिकला पश्चिम जर्मनीने सुवर्णपदक जिंकले ते १९७२ साली, आणि ते साध्या गवतावर. म्हणजे युरोप धावण्याची ताकद, संघाची आखणी आणि पेनल्टी कॉर्नरचा अभ्यास या बळावर आधीच पुढे आला होता. १९७५ साली क्वालालंपूरला अजितपालसिंगांच्या संघाने विश्वचषक जिंकल्यामुळे ही गोष्ट आपल्याकडे डोळ्यांआड झाली. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये मद्रासच्या वासुदेवन भास्करनच्या नेतृत्वाखाली सुवर्णपदक आले, पण त्या स्पर्धेवर अनेक बलाढ्य देशांनी बहिष्कार घातला होता. पराभवाचे कारण एका गालिच्यावर ढकलून मोकळे होणे सोपे असते; पारख असलेल्या माणसाला ते शोभत नाही.

नियमांच्या बाबतीतही तो असाच सरळ आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस ‘ऑफसाइड’चा नियम रद्द झाला, तेव्हा जुन्या मंडळींनी हळहळ व्यक्त केली. त्याच्या मते तो बदल चांगला होता, कारण शिट्टी कमी वाजू लागली आणि मैदान मोकळे झाले. पुढे सामन्याचे दोन अर्ध जाऊन पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग झाले. त्याविषयी तो इतकेच म्हणतो की, दमलेल्या खेळाडूच्या चुकांतून जे नाट्य उभे राही ते आता थोडे उणावले आहे. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू काठीच्या वळणात घेऊन ओढून फेकण्याची जी नवी विद्या आली आहे, तिचे तो मनापासून कौतुक करतो. पण संघाची सगळी आशा एकाच फेकीवर लावली जाऊ लागली की त्याचे मन खिन्न होते.

त्याची खरी तक्रार खेळाडूंविषयी नाही, खेळाच्या नियामकांविषयीही नाही. ती प्रेक्षकांविषयी आहे. मद्रासचे एम. जे. गोपालन हॉकी आणि क्रिकेट या दोन्ही खेळांत देशाकडून खेळले. १९३५ साली ध्यानचंदांच्या संघातून ते न्यूझीलंडला जाऊन आले होते. पुढल्या वर्षी बर्लिनचे ऑलिंपिक आणि क्रिकेट संघाचा इंग्लंडचा दौरा एकाच वेळी आला. गोपालन यांनी क्रिकेट निवडले. त्या दौऱ्यात त्यांना एकही कसोटी खेळावयास मिळाली नाही, आणि इकडे हॉकीचा संघ सुवर्णपदक घेऊन परतला. ही गोष्ट लोक नशिबाची म्हणून सांगतात. तंजावूरचा रसिक ती एका देशाची म्हणून सांगतो. जो खेळ आपल्या हातांनी घडविला तो सोडून, ज्याचा मान मोठा वाटला त्याच्यामागे हा देश गेला. क्रिकेटवर त्याचा राग नाही. परंतु क्रिकेट हरले तरी पाहावयास माणसे येतात आणि हॉकी जिंकली तरच येतात, हे शल्य त्याच्या मनातून जात नाही. जिंकल्यावरच जमणारी गर्दी ही गिऱ्हाइकांची गर्दी होय, रसिकांची नव्हे.

आता दुसरी वस्तू. या सोवळ्या वाटणाऱ्या गृहस्थाच्या बोलण्यात बिअर कोठून आली? ती पुण्यास नोकरीला असलेल्या त्याच्या पुतण्याने आणली, असे समजावे. सुटीत घरी आलेला पुतण्या म्हणतो, “काका, आमच्याकडे आता सामना पाहावयाचा तो भट्टीवर. मोठा पडदा असतो, आणि तेथेच तांब्याच्या हंड्यात बिअर तयार होते. कारखान्याची नव्हे, हातची. तुम्ही जे हॉकीविषयी म्हणता तेच आम्ही बिअरविषयी म्हणतो. पारख असावी!” काका रागावत नाहीत. ते विचारतात, “अरे, तिच्यात आपला हात कोठे आहे ते सांग.” आणि मग पुतण्यालाच ऐकावे लागते.

बिअर ही मुळात साधी वस्तू आहे. जवाला मोड आणावयाचे, ते वाळवून भाजावयाचे, भरडून गरम पाण्यात त्यांची गोडी उतरवावयाची, कडवटपणासाठी हॉप नावाच्या वेलीची फुले घालून उकळावयाचे, आणि निवाल्यावर किण्व मिसळून ते आंबू द्यावयाचे. १५१६ साली बव्हेरियाच्या राजसत्तेने नियमच केला की, बिअरमध्ये जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काही असू नये. किण्वाचे नाव त्या नियमात नव्हते, कारण त्याचे कार्य तेव्हा कोणास ठाऊकच नव्हते. विसाव्या शतकात मोठमोठ्या कारखान्यांनी हे पेय सर्वत्र एकाच फिकट, थंड, बेचव साच्यात ओतले. त्याविरुद्ध पहिली संघटित तक्रार केली ती पिणाऱ्यांनी. १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी, पिंपात मुरणारी जुनी एल नावाची बिअर टिकावी म्हणून एक चळवळ उभारली, आणि तिच्या रेट्याने ती टिकली. अमेरिकेत १९७८ साली घरी बिअर बनविण्यास कायद्याने मुभा मिळाली, आणि त्या छंदातून पुढे शेकडो लहान भट्ट्या निघाल्या. ही हकीगत तंजावूरच्या रसिकाला मनापासून आवडते. गिऱ्हाइकांनी रसिक व्हावयाचे ठरविले आणि एक मरू घातलेली कला वाचली, याहून मोठा दाखला त्याला कोणता हवा? हॉकीला अशी चळवळ मिळाली असती तर, असे म्हणून तो क्षणभर थांबतो.

आपल्याकडे या नव्या लहान भट्ट्यांपैकी अगदी आरंभीची एक पुण्यात २००९ साली निघाली. तिचे नाव ‘डूलाली’. नाव विलायती वाटते, पण ते नाशिकजवळच्या देवळालीचे आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत पडून राहिलेले गोरे शिपाई कंटाळ्याने आणि उन्हाने भ्रमिष्ट होत. त्यावरून ‘डूलाली’ हा शब्द इंग्रजीत वेडसर या अर्थी रूढ झाला. मराठी गावाचे नाव सातासमुद्रापार जाऊन, वेडे होऊन, पुन्हा पुण्यास आले ते बिअरच्या पेल्यावर बसून.

त्याहूनही मौजेची गोष्ट पुढेच आहे. या हातघडणीच्या बिअरचे जगभर जे सर्वांत लोकप्रिय वाण आहे त्याचे नावच ‘इंडिया पेल एल’ असे आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून लंडनच्या हॉजसनच्या भट्टीतून, आणि पुढे बर्टन येथील भट्ट्यांतून, हॉप अधिक घातलेली फिकट एल जहाजांनी कंपनी सरकारच्या गोऱ्या लोकांसाठी इकडे येऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिला हे नाव चिकटले. म्हणजे सरफोजीराजांच्या तंजावुरात व्हायोलिन घोट्यावर टेकत होते त्याच सुमारास ही पिंपे या देशाच्या किनाऱ्यांवर उतरत होती. व्हायोलिनला कोणी ‘इंडिया’ म्हटले नाही, आणि ते भारताचे झाले. एलला ‘इंडिया’ म्हटले, पण तिचे जव परके, पाणी बर्टनचे, घडविणारे परके आणि पिणारेही परके. काकांची कसोटी येथे पुतण्याच्या लक्षात येते. हॉकीचे नाव परके आणि हात आपला. या एलचे नाव आपले आणि हात परका.

पुतण्या मात्र निरुत्तर होत नाही, आणि तेही योग्यच आहे. तो सांगतो की, बंगळूरच्या भट्ट्यांतून आता नाचणी वापरून पाहतात, कोठे आंब्याची बिअर करतात. हात पडावयास सुरुवात झाली आहे. काका मान डोलावतात. सुरुवात झाली असेल तर दोन पिढ्या थांबावे, असे त्यांचे उत्तर असते. व्हायोलिनला तेवढा काळ लागला होता.

तेवढ्यात काकूंनी कॉफी आणलेली असते. तंजावूर जिल्ह्यातील कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ प्रसिद्ध आहे. दुधाचा कस मोजण्याच्या ‘डिग्री’वरून हे नाव पडले असे बहुतेकजण सांगतात. कॉफी हीदेखील परकीच. विसाव्या शतकाच्या आरंभी तमिळ घरांतून ती शिरू लागली तेव्हा वडीलधाऱ्यांनी तिला नावे ठेवली होती. सकाळची शिळ्या भाताची पेज सोडून हे काळे पाणी कशाला, असा त्यांचा सवाल होता. परंतु तमिळ गृहिणीने तिच्यावर हात टाकला. पितळी गाळणीच्या वरच्या भांड्यात पूड दाबून बसविली, तिच्यातून थेंबथेंब उतरणारा दाट अर्क निराळा काढला, त्यात ताजे दूध घातले, आणि पेला व डबरा यांच्यामध्ये हातभर धार धरून तिला फेस आणला. आणि घरातील प्रत्येक माणूस तिचा परीक्षक झाला. अर्क दुसऱ्या पाण्याचा आहे, दूध कालचे आहे, पूड भाजताना पुढे गेली आहे, हे पहिल्या घोटात सांगणारी माणसे त्या घराघरांत आहेत. हातघडणीचे पेय म्हणजे काय ते पाहावयास पुण्यास कशाला जावयाचे, असे काका म्हणतात ते या अर्थाने.

तथापि कॉफी आणि बिअर यांना एकाच तराजूत घालून हा विषय संपविता येत नाही, हे त्या निवृत्त अधिकाऱ्याला चांगले ठाऊक आहे. ज्या प्रांतात तो वाढला त्याने दारूबंदीचे सगळे प्रयोग पाहिले आहेत. १९३७ साली राजाजींच्या मंत्रिमंडळाने सेलम जिल्ह्यात ती प्रथम आणली. १९४८ साली ती साऱ्या मद्रास प्रांतास लागू झाली. १९७१ साली उठली, १९७४ साली परत आली, आणि १९८१ साली पुन्हा उठली. १९८७ पासून ताडी-माडीला बंदी आहे. २००३ पासून विलायती धाटणीच्या दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते. मजुराची रोजची मिळकत संध्याकाळी त्या दुकानाच्या खिडकीतून आत जाते आणि घरी चूल पेटत नाही, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला पेल्याच्या रसिकतेवर निश्चिंत मनाने बोलणे कठीण जाते. लहान भट्टीची महाग बिअर पिणारा तरुण आणि खिडकीशी रांगेत उभा असलेला मजूर यांच्यातील अंतर चवीचे नाही. ते पैशाचे आणि शिक्षणाचे आहे. ताडीवाल्याचा धंदा गेला आणि भट्टीवाल्याचा प्रतिष्ठित झाला, ही विसंगतीही त्याला टोचते. म्हणून पुतण्यास तो उपदेश करीत नाही, पण एक प्रश्न विचारतो. “दुसरा पेला पहिल्याइतकाच लक्ष देऊन पितोस काय?” ज्या क्षणी लक्ष सुटले त्या क्षणी रसिकता संपली आणि व्यसन सुरू झाले, अशी त्याची व्याख्या आहे. आणि सामना समोर चालू असताना ज्याचे लक्ष पेल्यात आहे, त्याला दोहोंपैकी कशाचीच पारख नाही.

येथे काका-पुतण्याचा संवाद पुन्हा हॉकीकडे वळतो, आणि वळणे क्रमप्राप्तच आहे. २००८ साली भारत ऑलिंपिकला पात्रदेखील ठरला नव्हता. त्यानंतर २०२१ साली टोकियोत जर्मनीस ५-४ असे हरवून एक्केचाळीस वर्षांनी पदक आले. २०२४ साली पॅरिसला स्पेनवर २-१ असा विजय मिळवून पुन्हा कांस्यपदक आले. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारताचा एक खेळाडू लाल कार्ड दाखवून बाहेर काढला गेला होता, आणि उरलेल्या दहा जणांनी ब्रिटनला बराच वेळ थोपवून धरून अखेर शूटआउटमध्ये हरविले. काकांच्या मते अलीकडच्या काळातील खरी हॉकी त्या सामन्यात होती, पदकाच्या सामन्यात नव्हे. पण लोकांच्या लक्षात पदक राहिले.

तमिळनाडूतही खेळ हलू लागला आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चेन्नईत आशियाई चँपियन्स चषकाचे सामने झाले आणि अंतिम सामन्यात भारताने मलेशियाला ४-३ असे हरविले. त्या संघातून खेळलेला कार्ती सेल्वम हा अरियलूरचा. अरियलूर म्हणजे तंजावूरहून उत्तरेस, कोल्लिडम नदी ओलांडली की लागणारा मुलूख. २०२५ च्या अखेरीस कनिष्ठ विश्वचषक चेन्नई आणि मदुराई या दोन शहरांत झाला, आणि भारतास कांस्यपदक मिळाले. दक्षिणेच्या आतल्या भागातील एका शहरात जगातील तरुण संघ येऊन खेळले, ही गोष्ट साधी नव्हे.

पुतण्या म्हणतो, “मग आता तुमची तक्रार काय राहिली?” काकांचे उत्तर असे की, हात पुन्हा तयार होत आहेत, पण डोळे अजून तयार नाहीत. व्हायोलिन टिकले, कारण बेसूर वाजले तर उठून जाणारे आणि सुरेल वाजले तर रात्रभर बसणारे लोक तंजावुरात होते. कॉफी टिकली, कारण घराघरांत तिचे परीक्षक होते. एलची जुनी चव टिकली ती चार तरुणांच्या हट्टाने. हॉकीला पैसा मिळेल, हिरवळ मिळेल, परदेशी शिक्षक मिळतील. ही सारी सामग्री सरकार आणि पुरस्कर्ते पुरवू शकतात, आणि पुरवीतही आहेत. उलट्या काठीने घेतलेला चेंडू पाहून ज्याच्या तोंडून आपोआप दाद निघेल असा माणूस मात्र कोणत्याही योजनेतून निर्माण होत नाही. तो शाळेच्या मैदानाच्या कडेला, बक्षीस नसलेल्या सामन्यांत, हरणाऱ्या बाजूकडेही तितक्याच लक्षाने पाहत पाहत घडतो.

म्हणून सुटी संपण्यापूर्वी काका पुतण्याला मोठा पडदा नसलेल्या एका सामन्याला घेऊन जातील, असे समजण्यास हरकत नाही. सामना शाळकरी मुलांचा असेल, मैदान मातीचे असेल, आणि प्रेक्षक मोजके असतील. तेथे कोण जिंकले हे काका सांगणार नाहीत. डावीकडच्या बारक्या मुलाचे मनगट पाहिलेस काय, एवढेच ते विचारतील. पुतण्याने ते पाहिले असेल तर तंजावूरच्या त्या रसिकाची अर्धी तक्रार मिटली, असे समजावे.